कशापेक्षा चांगलं?

दोन उपचारांची तुलना करायची आणि सरकारने तो निकाल मानला तर लोकांचं काय होईल तेही बघायचं, असं आमचं बेलापूरचं ट्रेनिंग. वर्ष संपत आलं. शिकलेलं उडून जातं, किस्से मात्र साचत राहतात.

आमच्यातली प्रज्ञा कोपरखैरण्याची. सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?"

"दोन औषधांत कुठलं जास्त चांगलं ते तपासतो काकू."

"मग सांग ना पटकन! कालपासून खोकतेय मी."

*

आमचे गाईड कारखानीस सर. 'चांगलं' शब्द कानावर पडला की लगेच, "कशापेक्षा?" प्रज्ञाच्या साखरपुड्यात कुणीतरी म्हणालं, "मुलगा खूप चांगला आहे हो!"

सरांच्या तोंडून सवयीने गेलंच, "कशापेक्षा?"

मुलाची आई शांतपणे म्हणाली, "याच्या वडिलांपेक्षा!"

*

ऑफिसखाली चहाच्या दोन टपऱ्या. आम्ही डोळे बांधून चाचणी घेतली. चव सारखीच, म्हणून स्वस्त टपरी सगळ्या मजल्यांना कळवून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथे एवढी गर्दी, की आम्ही मुकाट्याने महागड्या टपरीवर!

सर खूश. "चव विसरा. पॉलिसी इफेक्ट म्हणतात तो हाच."

*

उरणला सांधेदुखीच्या दोन गोळ्यांचा अभ्यास चालू होता. चिठ्ठी टाकून एका घरातले आजोबा एका गटात गेले, आजी दुसऱ्यात. दोघांनाही सारखाच आराम! सर चक्रावले, आम्ही घरी जाऊन धडकलो.

आजोबा म्हणाले, "आमी दोनी गोल्या अर्ध्या अर्ध्या करून खातो. घरान भेद कशाला?"

दोघांची नावं अभ्यासातून काढावी लागली. जेवण मात्र त्यांच्याकडेच झालं, आणि ते मस्त होतं.

*

आता विलासचा किस्सा. विलास जासईचा, आमच्यात सगळ्यात हुशार. त्याचा विषय गुडघेदुखी: ऑपरेशन की व्यायाम? उत्तर आलं, बहुतेकांना व्यायामाने तेवढाच फरक पडतो. म्हणून त्याने शिफारस लिहिली, की सरकारी योजनेतून ऑपरेशन हवं असेल तर आधी सहा महिने व्यायाम. योजनेच्या समितीने ती जशीच्या तशी उचलली. आम्ही पेढे वाटले.

पेढा हातात धरूनच विलास म्हणाला, "सर, माझ्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती. ती तारीख आता रद्द झाली."

आम्हाला फार वाईट वाटलं. सरांनी विचारलं, "शिफारस चुकली असं वाटतं का तुला?"

"नाही सर. बरोबर आहे."

"मग आईला नीट समजावून सांग."

त्याने सांगितलं. रात्री जेवताना, अगदी सोप्या भाषेत, सगळं. आईने ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "बरोबर असल तुजा. पन त्या बहुतेकांन मी हाय का र?"