अर्धं तोंड आन् मॅडमची नक्कल

"बेल्स पाल्सी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चेहऱ्याची नस सुजते आन् अर्धं तोंड सुट्टीवर जातं. माय रडायला लागली. तिला धीर द्यायला मी हसलो, तर एकच गाल हसला. ती अजून जोरात रडली.

मी हिंगोलीकडल्या गोरेगावचा. सरपंचापासून जीपवाल्यापर्यंत समद्यांच्या नकला करतो. तोंडच गेलं तर मी उरतो कोण?

गोळ्या सुरू झाल्या. डावा डोळा मिटत नव्हता म्हणून थेंब. मंग डॉक्टरांनी हिंगोलीला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं धाडलं.

मॅडम आधी मोठ्या शहरात खेळाडूंचे गुडघे बघायच्या. मंग इथं दोन खोल्यांत सोताचा दवाखाना टाकला. दिवसभर बघायच्या शेतात हळद काढून धरलेल्या कमरा, पण त्यांचा खरा जीव चेहऱ्यात. काहून? त्यांच्या गावी, कुरुंद्याला, वडलांचं तोंड असंच वाकडं झालं, व्यायाम सांगायला कोणी नव्हतं. "मंग बाबा फोटोत एका अंगानंच बसायचे," एवढंच बोलल्या.

मला आरसा दिला. "हळू. रागानं न्हाई." पाच वेळा ओठ, पाच वेळा भुवई. बस.

पण गावात जो भेटंल तो सांगे, फुगे फुगव. मी पाकिटंच्या पाकिटं फुगवली. चौथ्या महिन्यात, हसलो की डावा डोळा आपोआप मिटायला लागला.

"फुगे कोणी सांगितले?"

"आख्ख्या गोरेगावानं."

"मग गोरेगावाकडंच जा इलाजाला." अन् सोताच खुर्ची ओढून समोर बसल्या. याला सिनकायनेसिस म्हणतात. नसेच्या तारा चुकीच्या जोडल्या जातात, ओठ हलवला की डोळा हलतो. "जोर बंद. नकलाबी बंद."

"मॅडम, मंग मी मरतोच."

त्यांनी आरसा माझ्याकडं सरकवला. "एकाच माणसाची कर. तोंड कमी हलवणाऱ्या."

असा माणूस मला एकच ठाऊक होता. ओठ सूतभर हलवून खोली गप करणारा.

रोज आरशात मॅडम. माय विचारायची, "कोण बाई येऊन राहिली रे आपल्या घरी?"

तुमचं तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फुगे लेकरायला ठेवा.

आठव्या महिन्यात दवाखान्यात बाकावरल्या एका आजीला मी मॅडम करून दाखवली. "मावशी, हळू. रागानं न्हाई." समदे हसले, मंग एकदम गप. मॅडम दारात.

"परत कर."

केली. त्या माझ्या डाव्या डोळ्याकडंच बघत होत्या.

"उघडा राहिला," म्हणाल्या. आन् हसल्या, दोन्ही गालांनी, दात दिसेस्तोवर.

तेवढी नक्कल मला अजून जमली न्हाई.