दुसरी चूल

बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं, त्या सकाळी आईने चूल सारवली. परत येणाऱ्याची चूल थंड असावी, उकरलेली नसावी, असं ती म्हणाली. मग आम्ही, वडील आणि चुलते या दोन्ही भावांच्या घरची मिळून तेरा माणसं, पाथर्डीकडून एसटीने नगरला आलो.

गावी राहिलेले म्हणतात, शहराची हवा लागून सुनांनी घर फोडलं. शहरात आलेला माझा चुलतभाऊ म्हणतो, थोरल्यांच्या ताठ्यापायी आम्ही तहानलेले राहिलो. दोघेही चूक आहेत. मी तिथे होतो.

शिरगणती आदल्याच वर्षी झाली होती. तिच्यात आम्ही गावाकडे मोजलो गेलो. नगरच्या कडेची आमची वस्ती तिच्यात नव्हतीच. टँकर किती पाठवायचे, हे ठरवण्यासाठी नगरपालिकेचा कारकून अंदाज घ्यायला आला. तो चुली मोजी आणि चुलीमागे पाच माणसं धरी.

वडील अभिमानाने म्हणाले, "आमची चूल येकच हाय. दोगं भाऊ, पर चूल येक."

मी तेराचा आकडा सांगितला. कारकून हसला. "एका चुलीमागं तेरा दाखवले, तर साहेब मलाच चुलीत घालतील."

वस्तीत बहुतेक घरं आमच्यासारखीच एकत्र होती. टँकर आला तो निम्म्यालाही पुरेना. काकू तान्ह्याला घेऊन रिकाम्या हंड्यापाशी बसून राही. तिने कधी तक्रार केली नाही, हे गावकऱ्यांनी ऐकून ठेवावं. दुसऱ्या आठवड्यात वडीलच तिला म्हणाले, "मांड दुसरी चूल. पुन्यांदा मोजाया येत्याल."

ती मांडली. कचेरीत दोनदा अर्ज केला. अंदाज वरच्या कचेरीत गेला, आता मोजणी पुढच्या शिरगणतीलाच, असं उत्तर आलं. कोणी फिरकलं नाही. आणि एकदा वेगळी पेटलेली चूल कोणाला विझवता आली नाही.

आज त्या वस्तीत दारोदारी नळ आहेत. चुलत्यांचं दार माझ्या दारासमोरच आहे. त्यांच्याकडची लग्नपत्रिका मात्र टपालाने येते. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी गावाचं नाव सांगतो, पण डोळ्यांपुढे ती सांज येते. दोन्ही चुली पेटल्या होत्या, वडील मध्ये बसले होते, आणि कोणत्या चुलीवरची भाकरी आपली, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही अजून आलेलं नाही.