मुखपृष्ठावरची पाठ

कादंबरीच्या मुखपृष्ठावर मी मामीची पाठ छापली आणि तिला विचारायचं राहून गेलं. ‘राहून गेलं’ हे आपलं लिहायला बरं दिसतं. खरं म्हणजे विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. चेहरा असता तर विचारलं असतं. पाठीला काय विचारायचं?

मी छापखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. शाळा-कॉलेज आमच्या लहान गावात झालं, नोकरी इथं लागली, म्हणून मामाकडे राहतो आणि मामीच्या हातचं खातो. कामाचं नाव डिझायनर. करतो काय, तर खोकल्याच्या औषधाची लेबलं, शाळांच्या डायऱ्या आणि दुकानदारांची कार्डं, ज्यांवर प्रत्येकाला आपला फोन नंबर आणखी जरा मोठा हवा असतो. कादंबरी आमच्याकडे एकदाच आली. लिहिणाऱ्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका. गोष्ट त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितली. एक बाई बरीच वर्षं संसार करते, मग एक दिवस खिडकीशी उभी राहते, आपण नक्की कोण असा प्रश्न तिला पडतो, आणि शेवटच्या पानावर ती घरातून निघून जाते. मुखपृष्ठावर बाई पाठमोरी हवी, खिडकीशी हवी आणि तिच्या पाठीत शोध दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाठीत दुखणं दिसतं, शोध कसा दिसणार, हे मी विचारलं नाही. समोर मालक बसले होते.

माझ्या फोनमध्ये मामीचा एक फोटो होता. फोन नवा होता तेव्हा घरात दिसेल त्याचे फोटो काढत सुटलो होतो, त्यातलाच. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी, मान किंचित खाली, दोन्ही कोपरं अंगाशी, बाहेरून सकाळचा उजेड. मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला. मॅडम खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, हीच ती. आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. प्राध्यापक माणूस गप्प झाला म्हणजे काम पसंत पडलं असं मी समजलो.

एक अडचण होती. मामीच्या गळ्यात शिंप्याचा टेप होता आणि त्याचं एक टोक खांद्यावरून पाठीवर आलं होतं, चांगलं पिवळंधमक. शोध चाललेला असताना पाठीवर पिवळा पट्टा बरा दिसेना. मी तो पुसून टाकला. तिथं पाठीचाच रंग भरला. मला त्या वेळी माझ्या कामाचा अभिमानसुद्धा वाटला.

मामीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक मशीन आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. नवे कपडे ती शिवायची नाही. चेन बदलणं, पँट आखूड करणं, झिजलेली कॉलर उलटवून लावणं, पडद्यांना पट्टी मारणं, असली कामं. मुलगी शिकायला बाहेर गेली त्या वर्षी तिनं ही खोली भाड्यानं घेतली. दुपारची जेवणं उरकली की जायची आणि दिवे लागले की परत यायची. घरात मामी चौघींचं काम करते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानात एकटीचंच काम करायची, पण शेजारचा चावीवाला तिला मास्तर म्हणायचा. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून तिलाही. ‘मास्तर, चहा सांगू का?’ मामी नको म्हणायची आणि चहा यायचा. हे रोजचं. घरी तिला मामी, आई, अगं आणि ऐकलंस का, एवढीच नावं.

मामा पाणीखात्यात मीटर वाचतो. घरोघरी जायचं, आकडा बघायचा, लिहून घ्यायचा. त्यामुळे गावात असं घर नाही जिथं मामाचा पाय लागलेला नाही, आणि मामाची चेष्टा करायला मोकळं नाही असंही घर नाही. मॅडमनी कादंबरीच्या प्रती ओळखीपाळखीत सढळ हातानं वाटल्या. अशाच एका घरात मीटर वाचून उठताना मामाला टेबलावर पुस्तक दिसलं. बायको त्यानं नंतर ओळखली. आधी पाइप ओळखला. आमच्या त्या खिडकीचा एक गज गंजून तुटला होता आणि त्या जागी मामानं खात्यातल्या पाइपचा तुकडा बसवला होता, जरा वाकडा. असा गज दुसऱ्या कुठल्या खिडकीला असणं शक्य नाही. मी टेप पुसला आणि पाइप ठेवला. अक्कल म्हणतात ती हीच.

‘हा तर आमचा पाइप’ असं मामाच्या तोंडून तिथंच निघून गेलं आणि मग सुरू झालं. मामा मीटरपाशी वाकला की दारातून कुणीतरी विचारायचं, घरून जेवून निघालात ना, की डबा स्वतःच भरता हल्ली? कुणी म्हणायचं, शेवट काही चांगला नाही हो पुस्तकाचा, सांभाळा. एकानं तर मामी गेली कधी आणि कुठं, हे सरळच विचारलं. पुस्तक कुणी वाचलं होतं अशातला भाग नाही. मागच्या पानावर दहा ओळींत गोष्ट दिली होती, तीही मीच बसवलेली.

मामा आरडाओरडा करणाऱ्यातला नाही. त्यानं पुस्तक घरी आणलं, टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि जेवताना सांगितलं की महिनाअखेरीला खोली सोडून दे, मशीन घरी आण. बाहेर जायला नको, लोकांना बोलायला नको. मामी ‘बरं’ म्हणाली आणि भात वाढू का विचारलं. तिचा आवाज जसा असतो तसाच होता. मी मात्र ताटातली मिरची शेंग समजून चावली.

सगळं माझ्या अंगाशी आलेलं होतं, तेव्हा निस्तरायलाही मीच पुढं झालो. मामाला एकटं गाठून सांगितलं की तो फोटो मामीचा नाहीच. नेटवरून घेतलाय. अशा खिडक्या जगात ढिगानं असतात.

‘आणि असा पाइप?’

पाइपसुद्धा, मी म्हणालो. नळाचं काम करणारे लोक सगळीकडेच असतात.

मी खोटं बोलतोय हे मामाला कळत होतं, पण ते खरं असतं तर त्याला किती हवं होतं हेही मला दिसत होतं. शेवटी म्हणाला, तिनं स्वतः एकदा ‘मी नाही’ म्हणू दे. मग गल्लीत मीच सांगतो आणि खोलीचा विषय संपला.

मी तडक दुकानावर गेलो. मामी पँटची चेन उसवत होती आणि मामानं आणलेली कादंबरी मशीनवर उलटी घातलेली होती. तीही ती वाचत होती, दोन चेनांच्या मधे. मी सगळं सांगितलं. मामा विचारेल, तू फक्त नाही म्हण, एक शब्द, दुकान वाचलं.

ती म्हणाली, ‘टेप कुठं गेला रे माझा?’

मी म्हणालो, काढला. बरा दिसत नव्हता.

‘हं.’ तिनं दोरे वेचून डबीत टाकले. मग पुस्तकाकडे हात करून म्हणाली, ‘ही खिडकीशी किती वेळ उभी राहते. हिच्या गॅसवर काही नसतं का?’

पलीकडून चावीवाला म्हणाला, मास्तर, मी पण वाचायला घेतलंय, पण तुम्ही समोर असताना मागून काय बघायचं. मामी हसली नाही, पण रागावलीही नाही. त्यानं चहा सांगितला. निघताना मी परत बजावलं, एक शब्द. तिनं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली असं मी धरून चाललो.

रात्री जेवणं झाल्यावर मामानं पुस्तक पुसून मधोमध ठेवलं. मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसलो, प्यायचं विसरून.

‘ही तू आहेस का?’

मामीनं मुखपृष्ठ उजेडाकडे वळवलं. आधी खिडकी बघितली, मग पाठ. बोट पाठीवरून खाली नेलं, जिथं टेप होता तिथून.

‘मीच आहे.’

मामानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानं एवढंच विचारलं, ‘कुठं बघत होतीस?’

मामी त्याच्याकडे बघत होती, सरळ, आणि काही बोलत नव्हती. मला वाटलं, विचार करतेय. नंतर वाटलं, नाही, विचार वगैरे करत नाहीये, नुसतीच बसलीय. मामानं थोडी वाट पाहिली, मग पुस्तक उचलून मीटरच्या कागदांखाली ठेवलं आणि झोपायला गेला. मामीनं टेबल पुसलं.

महिनाअखेरीला खोली रिकामी केली. मशीन मी आणि चावीवाल्यानं उचललं. स्टूल त्यानं ठेवून घेतलं, म्हणाला, मास्तरचं आहे, बसायला होईल कुणाला. शटर मामीनं स्वतः ओढलं. कडी अडकली तर तिनं ती हातानं ठोकून बसवली आणि किल्ली औषधाच्या दुकानात, खोलीच्या मालकाकडे, देऊन आली. घरी परत येताना तिनं दूध घेतलं.

मशीन कुठं ठेवायचं यावर फार चर्चा झाली नाही. उजेड एकाच ठिकाणी चांगला येतो, स्वयंपाकघराच्या त्या खिडकीखाली. आता मामी दुपारभर तिथंच बसते, घराकडे पाठ करून. मामा पाणी प्यायला येतो तेव्हा त्याला रोज मुखपृष्ठ दिसतं. तो पाणी पिऊन परत जातो. गिऱ्हाइकं मागच्या बोळातून येतात. वाकड्या पाइपमुळे दोन गजांमधे जागा जरा जास्त आहे, तेवढ्यातून पँटची गुंडाळी आत येते आणि दुरुस्त होऊन बाहेर जाते. चावीवाल्याचा जुना सदरा असाच आला होता. बाहेरून तो ‘मास्तर’ म्हणाला, तेव्हा मामा घरात होता. मामीनं सदरा घेतला.

काम कमी झालंय. बोळ सगळ्यांना ठाऊक नाही. मामी म्हणते, काही वाटत नाही. तिच्याकडे बघून ते खरंच वाटतं, आणि तेच मला बरं वाटत नाही.

एकदा मी तिथं चहाचा कप ठेवायला गेलो, तर ती उठून खिडकीशी उभी होती. मान किंचित खाली, दोन्ही कोपरं अंगाशी. हुबेहूब तो फोटो. मी बाजूनं डोकावलो. ती सुई ओवत होती.

मी म्हणालो, ‘त्या दिवशी पण?’

‘मग काय? हातशिलाई सकाळी घरीच करायचे मी. सुईचं भोक इथंच दिसतं.’

‘अगं, मग मामानं विचारलं तेव्हा सांगायचं ना. सुई म्हणाली असतीस तर सगळं तिथंच मिटलं असतं.’

दोरा आरपार गेला. तिनं दाताला लावून टोक तोडलं.

‘इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कुठं बघतेस म्हणून,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदाच विचारलं. लगेच सुई म्हणून सांगावंसं वाटलं नाही.’

मग ती खाली बसली आणि मशीन सुरू झालं. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही.

मॅडम छापखान्यात येतात अधूनमधून. विचारतात, त्या मुखपृष्ठावरच्या बाई कोण, एकदा भेटायचंय. मी नेटवरचा फोटो म्हणून सांगतो. त्या म्हणतात, असेल कुणीतरी, कुठंतरी. मालक विचारतात, उरलेले गठ्ठे कधी नेताय. गठ्ठे जिन्याखाली आहेत, सगळ्यात वरच्या प्रतीवर मामीच्या पाठीला धूळ बसते आणि मी शर्टाच्या बाहीनं पुसतो.

कादंबरी मामीनं पुरी केली नाही. बाई दाराशी पोचते तिथं तिनं एक चेन खुणेला घालून ठेवलीय. पुढं काय होतं ते तिला मागच्या पानामुळे माहीत आहेच. तिनं माझ्याकडे एकच मागितलं होतं, दुसरी आवृत्ती निघाली तर टेप परत घाल. मी हो म्हणालोय. मूळ फोटो फोनमध्ये आहे, टेप त्यात जिथल्या तिथं आहे. दुसरी आवृत्ती काही निघत नाही.