विक्रोळी ते बोरिवली, नव्या वस्तऱ्यासाठी

बोरिवलीला जायचं ठरलं ते बायकोमुळे. रविवारी दुकान बंद करून घरी आलो तर ती म्हणाली, "उद्या सुट्टीच आहे ना? मग भाऊंकडे जाऊन या. गुरुवारी दिलीपच्या गालावर रक्त आलं तर चाळीत तोंड दाखवता येणार नाही."

भाऊ म्हणजे माझे साडू, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोरिवलीत घराला लागूनच त्यांचं सलून होतं. माझं विक्रोळीत, एका खुर्चीचं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. रक्तातून रोग पसरतात असं पेपरात यायला लागलं आणि गिऱ्हाइकं नवीन ब्लेड मागू लागली. त्यांचं बरोबरच होतं. म्हणून दगडावर धार लावायचा वडिलांचा वस्तरा मी गुंडाळून ठेवला आणि अर्धं ब्लेड घालायचा नवीन घेतला. तिथून माझी वाट लागली. रोज कुणाला तरी कापायचं, रोज तुरटी फिरवायची. वडिलांच्या वेळचं एक गिऱ्हाईक तर मान खाली घालून समोरच्या दुकानात जायला लागलं.

दिलीप आमच्या चाळीतला. गुरुवारी त्याचं लग्न, आणि नवरदेवाची दाढी मीच करायची असं कधीच ठरलेलं. त्याच्या आईने माझ्या बायकोला हळूच विचारलं होतं, "त्यांना वाईट वाटणार नसेल, तर दुसऱ्या कुणाला सांगू का?" ते ऐकल्यापासून मला जेवण जात नव्हतं.

सोमवारी सकाळी निघालो. विक्रोळीहून घाटकोपर, तिथून अंधेरीची बस. साकीनाक्याला कारखान्यांच्या ट्रकांत बस बराच वेळ अडकली. त्या बाजूने जाणार असाल तर हाताशी वेळ ठेवा आणि डावीकडची खिडकी घेऊ नका, ऊन तोंडावर येतं. अंधेरीला उतरून स्टेशनबाहेर उसळपाव घेतला. अर्धा खाल्ला, उरलेला तसाच ठेवला. पुढची बस हायवेने सुसाट गेली. कांदिवली सोडली की डाव्या-उजव्या बाजूला मोकळी जमीन आणि पलीकडे डोंगर दिसायचे. एरवी बघत बसलो असतो. त्या दिवशी साडूला कुठल्या तोंडाने सांगायचं याचाच विचार चालला होता. आम्ही दोघेही एकाच धंद्यातले, एकाच घरचे जावई.

भाऊंनी फार विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच खुर्चीत बसले. "कर माझी."

मी फेस लावला, वस्तरा धरला. दोन हात मारले असतील.

"थांब," ते म्हणाले. "मेल्या, तू मला खरवडतोयस."

"जोर तर देत नाहीये, भाऊ."

"देतोयस. जुन्या वस्तऱ्याला वजन होतं, त्याला तेवढा जोर चालायचा. ह्याला नाही चालत. आता ऊठ, तू बस."

मला विचित्र वाटलं. वडील गेल्यापासून माझी दाढी मीच करायचो, दुसऱ्याच्या हाताखाली बसलोच नव्हतो. मान मागे टाकली आणि गळ्याशी पातं आल्यावर माझे खांदे आपोआप ताठ झाले. भाऊ थांबले. "बघ, असंच तुझं गिऱ्हाईक आखडतं. आखडलेली कातडी कापणारच. आधी त्याला सैल होऊ दे."

मग त्यांनी फेस पुसून काढला आणि पुन्हा लावण्याआधी बोटाने केस कुठल्या बाजूला वळतात ते चाचपलं. डाव्या हाताच्या बोटांना तुरटी चोळली, म्हणजे ओल्या कातडीवरून ती घसरत नाहीत. डोळे मिटून पडल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा हातच जास्त काम करतोय. तो कातडी ताणायचा, आणि उजवा फक्त मागोमाग यायचा. वस्तरा जवळजवळ आडवा, एकेक हात आखूड. हनुवटीशी तर नखाएवढा. जिथे पातं बरोबर लागत होतं तिथे बारीक खरखर ऐकू यायची.

"आवाज गेला की समज, एकतर जास्त उचललास नाहीतर दाबलास," ते म्हणाले.

आतून ताईंनी, माझ्या मेहुणीने, विचारलं, "भावोजी, जेवताय ना? सुकट केलीय."

"आधी माझी अर्धी दाढी पुरी होऊ दे," भाऊ म्हणाले.

ती मी पुरी केली. त्यांना एकदाही 'थांब' म्हणावं लागलं नाही. त्या दुपारी मी ताईंकडून तीनदा भात मागून घेतला. रात्री तिथेच राहिलो, मंगळवारी पहाटेच्या बसने परत. बुधवारपर्यंत दुकानात आलेल्या प्रत्येकावर तोच हात बसवत होतो. एकाच्या जबड्याखाली लागलं. तिथे घाई झाली होती.

गुरुवारी सकाळी दिलीप खुर्चीत बसला. गालावर दोन पुटकुळ्या होत्या. त्याची आई दारात उभी. मी वस्तरा हातात न घेताच त्याला विचारलं, "काय रे, मुलगी कुठली?" तो सांगायला लागला, कणकवलीची, नर्सिंग करते. सांगता सांगता त्याचे खांदे खाली आले. तेव्हा मी सुरुवात केली. पुटकुळ्यांच्या कडेने गेलो, आवाज ऐकत. हनुवटीपर्यंत आलो तर तो बोलायचा थांबला होता. बघतो तर झोपलेला.

त्याची आई आत आली, पदराने त्याचा गाल टिपला, पदर उलटून बघितला. कोरा होता. "जेवायला वेळेवर या दोघं," एवढंच मला म्हणाली.

भाऊ आता नाहीत. बोरिवलीचं ते सलूनही राहिलं नाही. हल्ली पोरं हौसेने अशा वस्तऱ्याने घरी दाढी शिकतात आणि मला विचारतात, कुठलं ब्लेड चांगलं. मी त्यांना सांगतो, ब्लेड कुठलंही घे, पण आधी एकदा ज्याचा हात चांगला आहे त्याच्याकडे जाऊन दाढी करून घे. डोळे मीट आणि त्याचा डावा हात काय करतो ते बघ.

त्या गुरुवारी दिलीपच्या लग्नातून दुपारी घरी आलो. बायकोने विचारलं, "सगळं नीट झालं ना?" मी हो म्हटलं, शर्ट खुंटीला लावला आणि जमिनीवरच आडवा झालो. दिवेलागणीला तिने हलवून उठवलं तेव्हा शेजारी चहा निवून गेला होता.