लेकीनं वाचलेल्या पाट्या

मुलीला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मी स्वतः एका शाळेत आठ वर्षांपासून शिकवत होते. रोज सकाळी बस यायच्या वेळेला तिच्या पोटात कळ यायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. रविवारी पोट एकदम ठणठणीत. वर्षभर सगळे उपाय करून पाहिले, शेवटी मी नोकरी सोडली आणि तिला घरीच शिकवायचं ठरवलं. माझे मिस्टर शेंद्र्याच्या एका कंपनीत पाळीवर जातात. ते एवढंच म्हणाले, "पोरगी हसायला लागली तर बास."

छावणीतल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीची मी शाळा केली. भिंतीवर वेळापत्रक लावलं, मोबाईलवर चाळीस मिनिटांनी घंटा. लेक सांगेल ते करायची, नीट करायची. पोटदुखीही थांबली. पण घंटा झाली की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. "आई, झालं. आता काय करू?"

एकदा शेजारच्या बाई दारात भेटल्या आणि बोलता बोलता तासभर गेला. घरात आले तर लेक वही मिटून, पेन्सिलीला टोक करून, हात मांडीवर ठेवून बसलेली.

"अगं, काही वाचायचं तरी!"

"तू सांगितलं नव्हतंस ना."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. शाळेतून मी मुलगी तेवढी बाहेर काढली होती. बाकीची शाळा उचलून घरी आणली होती.

त्याच महिन्यात आम्ही दोघी ब्लाऊजचं अस्तर आणायला गुलमंडीच्या बाजारात गेलो. रिक्षातून उतरलो आणि ती एका दुकानाच्या पाटीकडं बघत उभी राहिली. पाटीवर वर मराठी, खाली उर्दू.

"आई, खाली काय लिहिलंय?"

"वर आहे तेच असेल. मला उर्दू येत नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काहीतरी मोठीच गोष्ट सांगितली. तोवर तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार असायचं. नसलं तर ती झोपल्यावर शोधून सकाळी द्यायचे मी. जन्म याच शहरातला, आणि निम्म्या पाट्या मी कधी वाचल्याच नव्हत्या हे माझ्याही त्या दिवशीच लक्षात आलं.

घरी आल्यावर तिनं जुनी वही काढली. पुढच्या खेपेला ती वही घेऊनच बाजारात आली आणि पाट्या उतरवून घ्यायला लागली. अक्षरं कसली, चित्रंच काढत होती. मला राहवेना. उर्दू शिकवणारं एखादं ॲप घ्यावं, कुठं क्लास आहे का बघावं, असं मनात सुरू झालं. रात्रपाळीला निघता निघता मिस्टरांना मी ते बोलून दाखवलं.

"तिनं मागितलं का तुला?"

"नाही."

"मग कशाला मधी पडती? चाललंय ना तिचं."

मी हात आवरले. अवघड होतं ते. आठ वर्षं शिकवलेल्या बाईला नुसतं बघत बसणं म्हणजे शिक्षाच.

दहाबारा दिवसांनी ती धावत ओट्याशी आली. "आई, हे उजवीकडून वाचतात!"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बघ, टेलरच्या शेवटी ल-र येतं आणि जनरलच्या शेवटी र-ल. मला आधी ते उलटं दिसत होतं. उजवीकडून वाचलं की जमतं."

मी पोळी तव्यावर टाकली होती, ती करपली. अरबी-फारसी वळणाची लिपी उजवीकडून लिहितात हे मला माहीत होतं. मी एका वाक्यात सांगितलं असतं, तिनं मान डोलावली असती आणि घंटा झाल्यावर विचारलं असतं, पुढं काय. आता पुढचं तीच मला सांगत होती. क्लिनिकच्या पाटीवर तिनं पहिलं आणि शेवटचं अक्षर जुळवून पाहिलं. दोन्हीकडं क हवा, पण ते सारखे दिसेनात. दोन दिवस त्यातच गेले. मग तिनंच ठरवलं की ही अक्षरं जागा बदलली की रूप बदलतात.

पण सगळं असं सरळ चाललं नाही. एके दिवशी तिनं वहीचं पान टरकन फाडलं. "मधली अक्षरंच गायब आहेत! कुठं वेलांटी नाही, कुठं उकार नाही. कसं वाचायचं?" डोळ्यांत पाणी. माझा हात मोबाईलकडं गेलाच होता. तो मागं घेऊन मी विचारलं, "हे कोणाला माहीत असेल?"

तिनं फाडलेलं पान उलगडून सरळ केलं. मग म्हणाली, "लेसवाले चाचा."

गुलमंडीला लेस, बटणं, दोरे विकणारं एक छोटं दुकान आहे. दुकानदार सत्तरीचे, कानाला थोडे कमी. त्यांच्या मागं छतापर्यंत पत्र्याचे डबे आणि प्रत्येकावर हातानं लिहिलेली उर्दू चिठ्ठी. दुपारी गर्दी नसते, तेव्हा गेलो. मी पायरीवरच थांबले. हेही तिनंच सांगितलं होतं, "तू बोलू नकोस, मीच विचारते."

"किसके वास्ते सीखती बेटा?" चाचांनी विचारलं.

"मेरेकू बोर्ड पढने हैं."

ते हसले. मला वाटलं, आता अलिफ-बे गिरवायला लावतील. त्यांनी मागच्या डब्यांकडं बोट केलं. "जिसका नाम पढके बताई, वो डब्बा खोलके दिखाता."

ती एका डब्यापुढं उभी राहिली. ओठ हलत होते. "ब... ट... न. बुटन?"

"बुटन क्या होता?"

"बिटन?" मग ओरडलीच, "बटन!"

चाचांनी डबा काढून तिच्यापुढं उघडला. आत शिंपल्याची, लाकडाची, पितळी बटणं. "हर्फ आधी बात बोलता," ते म्हणाले, म्हणजे अक्षर अर्धंच सांगतं. "बाकी आधी तुम अपनी अकल से डालना."

मी वर्गात शेकडो तास घेतले असतील. इतक्या कमी शब्दांत इतकं शिकवताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि इतक्या आनंदानं चुकताना कोणत्या मुलाला पाहिलं नाही. त्या दुपारी तिनं अकरा डबे उघडवले.

त्यानंतर मी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. रविवारी संध्याकाळी ती स्वतःच आठवड्याचं लिहिते. सुरुवातीला तिचे अंदाज साफ चुकायचे. तीन आठवडे गणिताला हातच लावला नाही, आणि अपूर्णांकांशी गाठ पडली तेव्हा जाम अडकली. मी मधे पडले नाही. शेवटी तीच वही घेऊन बाबांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापुढं बसली, आणि मोजमापात आयुष्य गेलेल्या त्या माणसानं पट्टी आणि नटबोल्टचे पाव, अर्ध्या इंचाचे पाने काढून तिला ते समजावलं. नातेवाईक अजून विचारतात, दहावीचं काय? परीक्षा बाहेरून बसून देता येते, हे मी सांगते. धाकधूक मलाही असते, ती कोणाला सांगत नाही.

ती आता तेरा वर्षांची आहे. या दिवाळीत गावी गेलो होतो. सासऱ्यांनी पेटीतून निजामाच्या काळातला जमिनीचा एक उर्दू कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. घरात पिढ्यान् पिढ्या जपलेला, पण वाचता कोणालाच येत नव्हता.

"बघ बरं पोरी, जमतंय का."

तिनं कागद उजेडात धरला. अक्षर घाईत ओढलेलं, एकात एक गुंतलेलं. अर्धा तास ती त्यावर वाकून होती. मग वर बघून म्हणाली, "आबा, हे सगळं नाही येत मला. छापील येतं, चाचांचं अक्षर येतं, हे हातचं वेगळंच आहे. चाचांना विचारीन. त्यांनाही नाही आलं, तर असे कागद कोण वाचतं ते शोधावं लागेल." तिच्या चेहऱ्यावर हार नव्हती, लाजही नव्हती. किती येतं आणि किती नाही हे इतकं नेमकं मला माझ्या नोकरीतही कधी सांगता आलं नव्हतं.

"पण गावाचं नाव वाचलं मी. आणि हे एक माणसाचं नाव आहे." तिनं ते मोठ्यानं वाचलं.

सासरे दचकले. "माझा आज्जा हाय त्यो! कुठंशी हाय नाव?"

तिनं त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. चष्मा पाणावला तरी तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"लई झालं," ते म्हणाले, आणि बोट तिथंच ठेवून बसून राहिले.