ताकाचं इंधन

१७ फेब्रुवारी २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. परंदवडीच्या घरी, मोरीत उभे राहून मी वडिलांची चोवीस तासांची लघवी मोजपात्रात ओतली. चारशे तीस मिलिलिटर. त्यात पाचशे मिळवायचे आणि दिवसभरात तेवढेच पाणी त्यांना द्यायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले होते. मूत्रपिंडांचे उरलेसुरले काम जितके टिकेल, तितके पाणी. उर्श्याच्या कारखान्यात अर्धे आयुष्य भट्टीपुढे काढलेल्या या माणसाचे दुसरे काही मागणे नव्हते.

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशींवरच संशोधन करत होते. एकदा वडिलांनी विचारले, "तुज्या त्या पेशी खात्यात तरी काय?"

मला हा प्रश्न आवडला. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी मीठ, पाणी, साखर सारे ओढून पुन्हा रक्तात टाकतात. त्यासाठी त्यांना अफाट ऊर्जा लागते. पण हातातून जाणारी साखर त्या स्वतः जवळजवळ जाळत नाहीत. त्यांचे मुख्य इंधन म्हणजे चरबीतली आम्ले.

"आमच्या कँटीनच्या आचाऱ्यागत," वडील म्हणाले. "दिवसभर शिरा हलवतोय, अन् घरी जाऊन भाकर खातोय."

मी हसले, आणि भरात आणखी सांगितले, "दह्याला आंबट करणारं आम्ल असतं ना, तेही त्यांना चालतं." मग आजारी पेशींचे सांगितले: त्यांचे ज्वलन मंदावते, न जळलेली चरबी आतच साठत जाते.

"म्हंजी टाकी तेलानं भरल्याली, अन् बर्नर बंद."

"व्हय," मी म्हणाले. आई शेजारी तांदूळ निवडत होती.

मार्चमध्ये आकडे जुळेनासे झाले. दोन डायलिसिसच्या मधल्या चार दिवसांत वडिलांचे वजन अपेक्षेपेक्षा किलोभर जास्त वाढू लागले. वजनकाटा मी तांदळाच्या दहा किलोंच्या पिशवीने तपासला. तो बरोबर होता. मग वडिलांनाच विचारले, "चोरून पाणी पिता का?"

"पानी न्हाई पीत."

"ताक देते मी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रोज दुपारी एक पेला. तूच म्हनलीस ना, दह्यातली आंबटान त्या पेशींचं खानं हाय म्हून. पानी कुटं दिलं मी?"

"आईला बसव तुज्या परीक्षेला," वडील म्हणाले. "पास हुईल."

रोज एक पेला, चार दिवस. बरोबर एक किलो. मी आईला समजावले की ताकातून पाणी जाते, पोटॅशियम जाते, आणि त्याने हृदय बंद पडू शकते. ज्या पेशी जाळूच शकत नाहीत, त्यांच्यापुढे इंधन ठेवून उपयोग नाही. तिने सारे ऐकून घेतले.

"मग काय घालू, जे त्यांना लागंल?"

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत मी निरोगी आणि आजारी पेशींना एकच इंधन दिले होते. निरोगी पेशींचा प्राणवायूचा वापर वाढला. आजारी पेशींची रेषा सपाट राहिली. माझ्या वहीत शेरा होता: अपेक्षेप्रमाणे. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून वेगळे उत्तर नव्हते, आणि हे मी तिला दिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताक बंद झाले. वजन ताळ्यावर आले. लघवी मात्र घटतच गेली: तीनशे दहा, एकशे ऐंशी, नव्वद. त्याबरोबर मी रोज वडिलांचे पाणी कमी करत गेले. ते घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवत, मग गिळत. आईने मला पुन्हा काही विचारले नाही. जे माझ्याकडून कळण्यासारखे होते, ते तिला कळून चुकले असावे.

मेच्या अखेरीस डॉक्टर म्हणाले, आता मोजू नका. पाणी पाचशेच धरा. घरी लघवीची मापे लिहायच्या वहीतली शेवटची नोंद त्याच सकाळची आहे. पंचवीस मिलिलिटर.