चौथा डेस्कटॉप

ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो छापायला जाण्याआधी वाचायचा हे तिचं काम. पहिलं वाचन मास्तरांचं, दुसरं तिचं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. अकरा वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा त्यांनीच तिला हाताला धरून तयार केलं होतं. आकडा आला की थांबायचं, तो तोंडाने म्हणायचा, मगच पुढे सरकायचं. ही सवय त्यांचीच.

मग ऑफिस लहान जागेत गेलं. टेबलं अर्धी झाली आणि प्रत्येकाच्या दोन मॉनिटरांपैकी एक काढून घेतला गेला. एकावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर छपाईची मांडणी ठेवून ताडून बघणाऱ्यांचे हातपायच गळाले. भिंगचं मात्र काही अडलं नाही. घरी एकाच जुन्या लॅपटॉपवर काम करताना तिने युक्ती शोधली होती. मॉनिटर एकच, पण त्यात चार डेस्कटॉप, म्हणजे एकामागे एक चार वेगळे पडदे उघडायचे. पहिल्यावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर मांडणी, दोन्ही अगदी एका मापात. बाणाचं बटण दाबून झटपट इकडून तिकडे गेलं की जिथे फरक असेल तिथलं अक्षर उडी मारल्यासारखं दिसायचं. तिसऱ्यावर पत्रव्यवहार आणि शब्दकोश.

चौथ्यावर काय आहे ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे एक तक्ता होता. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘मास्तरांच्या सुटलेल्या चुका’. खाली तारीख, पत्रकाचं नाव, ओळ, चूक. गेल्या सात महिन्यांत मास्तरांच्या नजरेतून बरंच काही सुटायला लागलं होतं. प्रत्येक चूक ती गुपचूप दुरुस्त करायची आणि तक्त्यात टिपून ठेवायची. औषधांचा मामला आहे, कुणाच्या जिवाशी खेळ नको, असं ती स्वतःला बजावायची. पण तेवढंच असतं तर ती सरळ मास्तरांकडे गेली असती. तक्ता भरला की साहेबांसमोर ठेवायचा आणि मास्तरांची मुख्य तपासनिसाची जागा मागायची, हे तिच्या मनात पक्कं होतं.

तिचं काम अडत नाही हे साहेबांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “उद्या सगळ्यांना दाखवा की हे.”

दुसऱ्या दिवशी सातजण बैठकीच्या खोलीत जमले. तिचा ऑफिसचा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. मास्तर वही उघडून पहिल्याच खुर्चीत बसले. ती रंगात आली होती. “हा पहिला, हा दुसरा. बघा, आकडा कसा उडाला.” कुणीतरी वा म्हणालं. तिसरा दाखवला, आणि परत पहिल्यावर जायच्या घाईत उलटा बाण दाबला गेला.

भिंतीवर हातभर अक्षरांत मास्तरांच्या सुटलेल्या चुका उभ्या राहिल्या.

तिचं डोकंच चालेना. ती तोच बाण दाबत राहिली. चौथ्याच्या पुढे पाचवा नव्हता, त्यामुळे पडदा ढिम्म हलेना. शेवटी शेजारच्या मांडणीवाल्या बाईंनी हात घालून वायर ओढली. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “सहावी नोंद माझी नाही,” ते म्हणाले. “तो आकडा मूळ मजकुरातच चुकीचा आला होता. बाकीच्या बरोबर असतील.” मग वहीकडे बघत त्यांनी विचारलं, “ते नवा डेस्कटॉप उघडायचं बटण कोणतं म्हणालीस?”

तिने सांगितलं.

दुपारी ती त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. “मास्तर, मी...”

“त्या तक्त्याची छापील प्रत दे मला,” ते म्हणाले. “पूर्ण.”

तिने दिली. ती पानं प्रिंटरमधून बाहेर पडत असताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. सात महिन्यांची सहा पानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी तिला बोलावलं. पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. “मी प्रत्येक ओळ काढून पाहिली. जवळजवळ सगळ्या चुका ओळीच्या शेवटी आहेत. उजव्या टोकाला. तुझ्या लक्षात नाही आलं?”

नव्हतं आलं. ती चुका मोजत होती, बघत नव्हती.

मास्तर रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. कडेची नजर, उजवीकडची जास्त, हळूहळू गेली होती, त्यांना पत्ताही लागला नव्हता. गेलेली परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने मास्तरांच्या पत्नी ऑफिसात आल्या. सगळ्यांसमोर भिंगचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “यांनी सांगितलं मला. तू एवढं बारीक लक्ष ठेवलंस म्हणून कळलं गं. घरात राहून मला कळलं नाही, आणि तुला कळलं.” त्यांचे डोळे भरले होते. मांडणीवाल्या बाईंनी मान खाली घातली. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. भिंग म्हणाली, “असू द्या हो काकू.” पडद्यावर तक्ता दिसला तेव्हाची लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. तेव्हा निदान खरं तेच लोकांना दिसलं होतं.

त्या गेल्यावर ती मास्तरांकडे आली. “मी काकूंना खरं काय ते सांगते.”

“सांगून तुला बरं वाटेल,” मास्तर म्हणाले. “तिला नाही वाटणार. राहू दे.”

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला. अजून आहे. चुका पकडल्यास म्हणून नाही, तेच तर शिकवलं होतं तुला. अकरा वर्षं शेजारी बसलीस, आणि सात महिन्यांत एकदा येऊन म्हणाली नाहीस की मास्तर, काहीतरी बिघडलंय. लवकर कळलं असतं तर थोडी जास्त राहिली असती नजर.”



पुढे मास्तरांनी आपणहून काम कमी करून घेतलं, आठवड्यातून तीन दिवस यायचं ठरवलं. मुख्य तपासनिसाची जागा साहेबांनी तिला देऊ केली. नाही म्हणायचं असं ती दोन दिवस मनात घोकत होती. साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून हो निघालं.

आताही मास्तरांनी वाचलेलं पान पुढे तिच्याकडेच येतं. काही सुटलं असलं की ती उठते, पान घेऊन त्यांच्या टेबलाशी जाते आणि सांगते. मास्तर पान डावीकडे सरकवून बघतात, “हं” म्हणतात, दुरुस्त करतात. दोन मिनिटांचं काम. पण तिची कानशिलं प्रत्येक वेळी तापतात, आणि परत जागेवर येऊन बसल्यावर पुढची ओळ वाचायला तिला थोडा वेळ लागतो.